कादंबरी कोणती घेऊ?



कथानक, पात्रे, वातावरण, निवेदन, भाषाशैली ही कादंबरीच्या अभ्यासातील परिभाषा आता तुमच्या परिचयाची झाली आहे. यानंतरच्या गृहपाठात तुम्हांला स्वतःच्या पसंतीच्या एका मराठी कादंबरीचा परिचय लिहावयाचा आहे. परिभाषा समजणे आणि परिचय लिहिणे यांच्यामध्ये एक पायरी असते. तिच्याविषयी पाठ्यपुस्तकात सहसा काही सापडत नाही. ती पायरी म्हणजे कादंबरीची निवड. या लेखात मी तिच्याविषयीच बोलणार आहे. नियम मात्र थोडेच सांगेन. शाळेत असताना माझ्या हातून एक चूक झाली होती, तिची हकीगत अधिक सांगेन.

शीव येथील एका अभ्यासकेंद्रावर मी गेली अनेक वर्षे रविवारी संमंत्रक म्हणून जाते. वर्गात बेस्टचे वाहक असतात, प्रतीक्षानगरातून येणाऱ्या गृहिणी असतात, धारावीतील चामड्याच्या कारखान्यात हिशेब लिहिणारे तरुण असतात आणि रुग्णालयातील रात्रपाळी संपवून थेट बाकावर येऊन बसणाऱ्या स्त्रियाही असतात. गृहपाठाचा विषय फळ्यावर लिहिला की दरवर्षी तोच प्रश्न येतो, "मॅडम, कोणती कादंबरी घेऊ?" त्यामागोमाग अटी येतात. कोणी म्हणते, पातळ असेल अशी सांगा. कोणी म्हणते, जिच्यावर तयार टिपणे मिळतील अशी सांगा. कोणी म्हणते, मोठा पुरस्कार मिळालेली सांगा, म्हणजे गुण कमी पडणार नाहीत.

या अटींना मी हसत नाही. दिवसाचे दहा-बारा तास कामात आणि प्रवासात जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सव्वाशे पाने आणि साडेचारशे पाने यांतील फरक काही आठवड्यांच्या झोपेचा असतो. तरीही या प्रश्नाचे उत्तर मी सरळ देत नाही. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर एक विद्यार्थिनी होती. एका रुग्णालयात आया म्हणून ती काम करीत असे. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती. पुढे वयाच्या पस्तिशीत पूर्वतयारी शिक्षणक्रम करून ती बी. ए.ला आली होती. एका रविवारी सत्र संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या मुलीला नववीला पुस्तक परीक्षण लिहायचंय आणि मला इथं कादंबरीचा परिचय. एकाच पुस्तकात दोघींचं भागेल असं काही सांगा ना." मग जरा घुटमळून तिने पिशवीतून एक पुस्तक काढले. मिलिंद बोकील यांची 'शाळा'. "मुलीनं हे आणलंय. पण यात मुलामुलींचं प्रेमबीम आहे म्हणतात. नववीच्या पोरीनं हे घ्यावं का?"

मी तिला विचारले, "तुम्ही वाचलंत का?" तिने मान हलवली. "मग आधी तुम्ही वाचा. मुलीला काय सांगायचं ते नंतर ठरवू."

तिच्या हातातील ते पुस्तक पाहताना मला माझी नववी आठवली. ती हकीगत आता सांगते.

मी नववीत होते ते वर्ष १९८२चे. आम्ही शीवला, किल्ल्याच्या टेकडीपासून जवळच असलेल्या एका चाळीत राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि आबा त्यांपैकी एक होते. आरंभी सगळ्यांना वाटले, महिन्या-दोन महिन्यांत भोंगा पुन्हा वाजेल. जून उजाडला, आमची शाळा सुरू झाली आणि आबा अद्याप घरीच होते. ज्या माणसाला दिवसा घरात पाहण्याची आम्हांला सवय नव्हती, तो माणूस दिवसभर दाराशी बसून असे.

आबा मूळचे माण तालुक्यातील एका वस्तीवरचे. शिक्षण चौथीपर्यंत. किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुनी पुस्तके विकणारे बसत, तेथून त्यांनी कधीतरी एक फाटके पुस्तक आणले होते. वरचे वेष्टन नव्हते. आत पहिल्या पानावर नाव होते: 'बनगरवाडी', लेखक व्यंकटेश माडगूळकर. वाडीचे नाव दिसले म्हणून घेतले, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांना बारीक टाइप वाचताना त्रास होई. म्हणून संपाच्या त्या दिवसांत संध्याकाळी मी मोठ्याने वाचायचे आणि त्यांनी ऐकायचे, असा आमचा परिपाठ पडला.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे कथानक तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर बंद पडलेली शाळा चालवायला जातो. मुले मेंढरांमागे जातात, शाळेत येत नाहीत. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. मास्तर लोकांची पत्रे लिहितो, त्यांची कामे करून देतो, तालीम उभारायला लावतो. अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते.

मी वाचत असताना आबा मधेच थांबवीत. "वाच पोरी, म्होरं काय झालं त्या मास्तराचं?" असे म्हणून पुन्हा सुरू करायला लावीत. शेकूचा बैल जातो आणि त्याची बायको औताला खांदा देते, तो प्रसंग आला तेव्हा त्यांनी मला हाताने खूण करून थांबवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माज्या चुलतीनं वढलंया औत. दुस्काळात. ह्ये मानसानं बगून लिवलंया." एकदा मेंढरांविषयी वाचताना त्यांनी मला 'वाघर' हा शब्द सांगितला. रात्री मेंढरे कोंडण्यासाठी रानात खुंट्या ठोकून भोवती जाळे लावतात, ते वाघर. पुस्तकातील माणसे जणू ओळखीची असावीत अशा रीतीने ते त्यांच्याविषयी बोलत. आईला हाक मारून एखादा प्रसंग पुन्हा वाचून दाखवायला सांगत. त्या घरात त्या वर्षी हसण्यासारखे फार थोडे होते. जे होते ते बहुतेक या पुस्तकाच्या वाचनातले होते.

याच सुमारास शाळेत मराठीच्या तासाला सांगण्यात आले: 'आपणांस आवडलेल्या कादंबरीचे परीक्षण दोन पानांत लिहून आणा.'

त्या वयापर्यंत मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली कादंबरी एकच होती. निवड करण्यासारखे खरे म्हणजे काही नव्हते. पण मी ती निवडली नाही. मी 'ययाति' निवडली. वि. स. खांडेकरांच्या या कादंबरीला १९६०चे साहित्य अकादमीचे पारितोषिक आणि पुढे १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला होता, हे मला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून माहीत होते. ग्रंथालयातून ती आणली. पहिली सत्तर-पंचाहत्तर पाने वाचली, शेवटची दहा वाचली, मलपृष्ठावरील मजकूर वाचला आणि एका मैत्रिणीच्या थोरल्या भावाची वही मागून घेतली. परीक्षण तयार झाले. 'लेखकाची भाषाशैली ओघवती व अलंकृत आहे.' 'व्यक्तिरेखा जिवंत व मनाची पकड घेणाऱ्या आहेत.' 'ही कादंबरी मराठी साहित्याचे भूषण होय.' अशी तिच्यातील वाक्ये होती.

मी पकडले गेले नाही. उलट माझे परीक्षण वर्गात वाचून दाखवण्यात आले. वहीवर 'उत्तम' असा शेरा मिळाला.

ती वही मी आनंदाने घरी नेली आणि आबांना वाचून दाखवली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. मग विचारले, "आपलं मास्तराचं पुस्तक न्हाई घेतलंस?"

मी म्हणाले, "त्यातली भाषा अशुद्ध आहे, आबा. शाळेत चालत नाही."

"व्हय, ते बी खरंच," असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुस्तक काढले नाही. त्याच्या नंतरच्या दिवशीही नाही. आमचे दुसरे वाचन अर्ध्यावर आले होते, ते तेथेच राहिले. पुढच्या उन्हाळ्यात संपाची आशा सोडून ते गावी निघून गेले. आई आणि आम्ही मुले शीवलाच राहिलो. त्या मधल्या महिन्यांत 'चल, वाचू या' असे मी एकदाही म्हटले नाही. म्हणता आले असते.

या प्रसंगात चूक नेमकी कोणती, याचा मी पुढे बराच विचार केला. न वाचलेल्या पुस्तकावर लिहिले ही एक चूक, ती उघडच आहे. परंतु तिच्या मुळाशी दुसरी होती. वर्गात एकदा उत्तर देताना माझ्या तोंडून 'म्होरं' असा शब्द गेला होता आणि सारा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी मनाशी पक्के केले होते की घरात बोलायची मराठी वेगळी आणि लिहिण्यायोग्य मराठी वेगळी. 'शीव' या शब्दाचा अर्थ गावाची हद्द. मुंबईचे बेट जेथे संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई, त्या जागेला हे नाव पडले. मीही अशीच एक शीव आखली होती आणि आबांना तिच्या पलीकडे उभे केले होते.

मित्रहो, कादंबरीचा इतिहास मला तेव्हा ठाऊक असता, तर कदाचित मी ते वाक्य बोलले नसते. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले होते. म्हणजे कोश, व्याकरण, छपाई आणि विद्यापीठ यांच्यामुळे ज्या काळात मराठीचे एक रूप 'प्रमाण' म्हणून स्थिर होत होते, त्याच काळात मराठी कादंबरी जन्माला आली. प्रमाणभाषा हीसुद्धा मुळात एका प्रदेशाची आणि शिक्षित वर्गाची बोलीच असते. शाळा, कचेरी आणि छापखाना यांचे पाठबळ मिळाल्याने ती सर्वांच्या उपयोगाची होते. तिची गरज आहेच. हा लेख मी तिच्यातच लिहीत आहे. पण ती शुद्ध आणि उरलेल्या अशुद्ध, हे म्हणणे भाषाविज्ञानाला मान्य नाही.

कादंबरीलाही ते फारसे मानवलेले दिसत नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९०पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. ती यमू नावाच्या मुलीने स्वतः सांगितलेली हकीगत आहे. माजघरात, स्वयंपाकघरात बायका आपसांत जसे बोलतात, ते बोलणे हरिभाऊंनी कादंबरीत आणले. त्या काळी ग्रंथात शोभणारी भाषा ती नव्हतीच. पुढील काळात ही वाट रुंद होत गेली. 'बनगरवाडी'त मास्तराचे निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि धनगरांचे संवाद माणदेशी बोलीत आहेत. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकचा संसार वऱ्हाडीतून बोलतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'मध्ये (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे निवेदनच बोलल्यासारखे होते आणि निवेदन व संवाद यांच्यातील भिंत पातळ होते. शाळेची पायरी जेमतेम चढलेले अण्णा भाऊ साठे काही काळ शीवपासून फार दूर नसलेल्या माटुंगा लेबर कॅम्पात राहत होते. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ची. म्हणजे मी 'शाळेत चालत नाही' असे म्हणत होते, त्या वेळी मराठी कादंबरीने तो प्रश्न केव्हाच निकालात काढला होता.

आबांनी सांगितलेल्या 'वाघर' या शब्दाची गोष्टही येथे सांगायला हवी. पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात तो शब्द मला पुन्हा भेटला, तो संस्कृतच्या तासाला. 'वागुरा' म्हणजे हरणे धरण्याचे जाळे. शिकारीचे जाळे आणि मेंढरांचे जाळे यांचे हे नाते पाहून मी चकित झाले. ज्या बोलीला मी अशुद्ध म्हणाले होते, तिने एक जुना शब्द रोजच्या वापरात जपून ठेवला होता. माझ्या शुद्ध मराठीला तो माहीतही नव्हता. तरीही एक सावधगिरी बाळगा. संस्कृतशी नाते निघाले म्हणून तो शब्द मानाचा ठरला, असे नाही. नाते निघाले नसते तरी मेंढरे राखणाऱ्या माणसाला तो शब्द लागतो, एवढे कारण त्याच्या मानासाठी पुरेसे होते.

आता तुम्ही विचाराल, मग प्रत्येकाने आपल्या गावाची, आपल्या जातीपातीची, आपल्या बोलीची कादंबरीच घ्यावी का? मुळीच नाही. ही माझ्या चुकीच्या उलट टोकाची चूक होईल. गिरणी कामगाराच्या मुलीने 'ययाति' घेऊ नये, असे मला म्हणायचे नाही. न वाचता घेऊ नये, इतकेच म्हणायचे आहे. तिशी उलटल्यावर मी 'ययाति' पूर्ण वाचली. बापाने मुलाकडे त्याचे तारुण्य मागावे, या कथेचा अर्थ मला तेव्हा लागला आणि तो चौदाव्या वर्षी माझ्या हाताशी असूनही मी मलपृष्ठावरच थांबले होते, याची खंत वाटली. आमच्या केंद्रावरील एका वाहक विद्यार्थ्याने एकदा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' निवडली. १९३९ची ही कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, महायुद्धाची चाहूल, हॅर्टा ही ज्यू तरुणी आणि चक्रधर विध्वंस यांचे प्रेम. धारावी आगारात काम करणाऱ्या माणसाशी तिचा काय संबंध? पण त्याने परिचयात लिहिले होते की गाडीत रोज शेकडो माणसे भेटतात आणि आपापल्या थांब्यावर उतरून जातात. एकाच प्रवासापुरती झालेली ओळख किती खोल जाऊ शकते आणि तिचा शेवट ठरलेला असतो हे माहीत असताना माणूस कसा वागतो, हे त्याला या पुस्तकात पाहावयाचे होते. पुस्तक त्याच्या जगाचे नव्हते. प्रश्न त्याचा होता.

माझ्या मते निवडीची खरी कसोटी ही आहे. कादंबरी आपल्यासारखी असण्याची गरज नाही. तिला विचारण्यासारखे आपल्याजवळ काही आहे का, ते पाहावे. ही कसोटी लावण्यासाठी तीन साध्या गोष्टी करता येतील.

पहिली अशी की तीन-चार कादंबऱ्या हाताळा आणि प्रत्येकीची पहिली वीस पाने वाचा. त्यासाठी पुस्तके विकत घेण्याची आवश्यकता नाही. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेले. तुमच्या गावात किंवा उपनगरात सार्वजनिक वाचनालय असेल. वीस पानांनंतर ज्या पुस्तकात पुढे काय झाले हे तुम्हांला खरोखर जाणून घ्यावेसे वाटेल, ते घ्या. वीस पानांनंतर कंटाळा आला, तर पुरस्काराकडे पाहून ते पुढे रेटू नका. ते कधीतरी दुसऱ्या वयात वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पुस्तक घरात कोणाशी तरी बोला. तुमच्यापैकी बहुतेकांचे घर भरलेले आहे. सासूबाई, नवरा, मुले, शेजारीण, कामावरचा सोबती, कोणीही चालेल. नियमित विद्यार्थ्याला वर्ग असतो. तुम्हांला ही माणसे आहेत. एखादा प्रसंग त्यांना वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते टिपून ठेवा. 'ह्ये मानसानं बगून लिवलंया' हे चौथी शिकलेल्या माणसाचे वाक्य वास्तववादाविषयीच्या अनेक परिच्छेदांपेक्षा अधिक नेमके आहे. माझ्या दोन पानांत ते आले असते तर ते परीक्षण खरे झाले असते.

तिसरी गोष्ट लिहून झाल्यावर करावयाची आहे. तुमच्या परिचयातील कादंबरीचे आणि पात्रांचे नाव झाका व तेथे दुसऱ्या कादंबरीचे नाव ठेवून पाहा. जी वाक्ये तरीही जशीच्या तशी चालतात, ती खोडा. 'भाषाशैली ओघवती आहे' हे वाक्य मराठीतील वाटेल त्या कादंबरीला लावता येते. म्हणून ते कोणत्याच कादंबरीविषयी नसते. खोडल्यावर जे दोन-चार उतारे उरतील, तेवढाच तुमचा परिचय. तो वाढवायचा असेल तर पुन्हा पुस्तकाकडे जावे लागेल. वही उसनी आणून भागणार नाही.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येते. 'शाळा' तिने रात्रपाळीत, रुग्ण झोपल्यावर, थोडी थोडी करून वाचली. कादंबरी २००४ची, तिच्यातील काळ १९७५च्या आणीबाणीचा आणि निवेदन करणारा मुकुंद नववीत शिकणारा. दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा मुलीने हे पुस्तक घ्यावे की नाही, हा प्रश्न तिने काढलाच नाही. म्हणाली, "मॅडम, मीपण हेच घेते. मला नववी बघायलाच मिळाली नाही." तिचा परिचय अजून माझ्या लक्षात आहे. मुकुंद आणि शिरोडकर यांच्याविषयी तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. उरलेल्या मजकुरात तिने वर्ग, बाक, शिक्षक, मधली सुटी यांच्याविषयी लिहिले होते. आणि एके ठिकाणी, या मुलांना वर्गात कंटाळा येतो हे वाचून आपल्याला त्यांचा राग आला, असे स्पष्ट म्हटले होते. असा राग मी त्या कादंबरीवरील दुसऱ्या कोणत्याही लेखनात वाचला नाही. तिच्या मुलीनेही त्याच पुस्तकावर लिहिले, पण ते मित्रांविषयी होते. आईचा परिचय वाचून मुलीने तिला विचारले म्हणे, "तुझी शाळा का सुटली, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस." एका पुस्तकात दोघींचे भागले, पण ते तिने आरंभी मनात धरले होते त्या अर्थाने नव्हे.

माझ्या हकीगतीचा शेवट असा नाही. पीएच. डी.साठी मी माणदेशी बोली हा विषय घेतला. क्षेत्रीय अभ्यासासाठी ध्वनिमुद्रक घेऊन गावी गेले. पहिले ध्वनिमुद्रण आबांचेच होते. ओसरीवर यंत्र ठेवले, कळ दाबली आणि त्यांना म्हटले, मेंढरांविषयी काहीही सांगा. ते यंत्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता चालती व्हय गं आपली भाषा?"

मी काय उत्तर दिले ते त्या फितीवर नाही, कारण मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून वाघर कशी लावतात ते सांगायला सुरुवात केली. आबा आता नाहीत. ते ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकले आहे. उच्चार, आघात, सुरांचे चढउतार यांचे विश्लेषण करणे हा माझा व्यवसाय आहे. तरी त्या एका वाक्यात खोच होती, की निव्वळ कुतूहल होते, की आनंद होता, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

तेव्हा मित्रहो, 'कोणती कादंबरी घेऊ?' या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. ही पुस्तिका बाजूला ठेवण्यापूर्वी वहीच्या कोऱ्या पानावर एवढे लिहा: आजवर पूर्ण वाचलेल्या किंवा कोणाकडून पूर्ण ऐकलेल्या कादंबऱ्यांची नावे. यादी एका नावाची असली तरी चालेल. त्या नावापुढे, ते पुस्तक तुम्ही कोणाबरोबर वाचलेत, तेही लिहा. गृहपाठाला सुरुवात तेथून करा. ती व्यक्ती अजून भेटण्यासारखी असेल, तर आधी तिला भेटा.